ब्राँक्समधील एक प्रयोग : वृद्धांची सेवा आणि सेविकांची भाकरी

म्हातारपण ही काही नवी गोष्ट नव्हे. पण म्हातारपणाची सेवा हा मजुरीचा धंदा होणे, ही गेल्या शंभर वर्षांतील गोष्ट होय. पूर्वी घरात सून असे, विधवा बहीण असे, माहेरी परत आलेली मुलगी असे. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याचे न्हाणे-धुणे, खाणे-पिणे, रात्रीचे उठणे-बसणे ती करी, आणि त्या कष्टाला कोणी काम म्हणत नसे. पुढे शहरे फुगली, एकत्र कुटुंबे मोडली, औषधांनी आयुष्य लांबले, आणि हे काम घरातल्या बाईच्या हातून बाहेरच्या बाईच्या हाती गेले. हात बदलले, पण किंमत बदलली नाही. सुनेला जे मिळत नव्हते ते या बाईने मागू नये, अशीच जगाची समजूत राहिली.

या समजुतीशी झगडलेल्या एका तरुण माणसाची व त्याने उभारलेल्या संस्थेची हकीकत आज सांगावयाची आहे. माणसाचे नाव रिक सर्पिन, संस्थेचे नाव कोऑपरेटिव्ह होम केअर असोसिएट्स, ठिकाण न्यूयॉर्क शहरातील ब्राँक्स, आणि साल १९८५. आम्ही पेशाने कामगारांचे संघटक. इतिहास आम्ही कॉलेजात शिकलो नाही. तो वाचनालयाच्या बाकावर, युनियनच्या कचेरीतून परतल्यावर, जमेल तसा वाचला. विद्वानांसारखे बोलणे आम्हांस साधणार नाही. मात्र पगारपत्रक आम्हांस वाचता येते, आणि इतिहासाचा पुष्कळसा भाग पगारपत्रकात लिहिलेला असतो, असा आमचा अनुभव आहे.

बी कोणते ते पाहण्याआधी जमीन कशी होती ते पाहिले पाहिजे.

अमेरिकेत निराधार म्हाताऱ्यांना पूर्वी सरकारी गरीबखान्यात नेऊन टाकीत. वेडे, पांगळे, दारूबाज आणि म्हातारे एकाच छपराखाली. १९३५ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या कारकीर्दीत सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला आणि गरीब वृद्धांना रोख साहाय्य मिळू लागले. हे साहाय्य सरकारी गरीबखान्यात राहणाऱ्यास देऊ नये, अशी तरतूद त्या कायद्यात होती. हेतू चांगला होता. त्या नरकातून माणसे बाहेर पडावीत. माणसे बाहेर पडलीही. परंतु त्यांतील पुष्कळ जण खासगी वृद्धगृहांच्या दारात जाऊन उभे राहिले, आणि हातात सरकारी पैसा असलेला म्हातारा हे एक गिऱ्हाईक झाले. वृद्धसेवेच्या व्यापाराचा एक मोठा प्रवाह येथून निघतो. त्याच मंदीच्या दिवसांत बेकार बायकांना सरकारी मदतकार्यावर घेऊन आजारी व वृद्ध माणसांच्या घरी पाठविण्याची योजनाही निघाली. म्हणजे घरी जाऊन सेवा करणे हे काम जन्मले तेच बेकारीवरचा उपाय म्हणून. गरिबाच्या घरी गरीब बाई पाठवावी आणि दोघांची सोय एका खर्चात लावावी, हा विचार या धंद्याच्या कपाळी तेव्हापासून लिहिला गेला.

१९३८ साली किमान वेतनाचा आणि कामाच्या तासांचा मोठा कायदा झाला. तासाला किमान २५ सेंट, आणि ठराविक तासांपलीकडील कामाला दीडपट मजुरी. अमेरिकन कामगार चळवळीच्या दृष्टीने तो सोन्याचा दिवस. पण त्या सोन्यात एक भेग होती: घरकाम करणाऱ्या बायका आणि शेतमजूर यांना कायद्याने बाहेर ठेवले. या दोन कामांत काळ्या लोकांचा भरणा फार मोठा होता, हे लक्षात ठेवावे. छत्तीस वर्षांनी, १९७४ साली, घरकामगार बायका कायद्यात आल्या. परंतु वृद्धांना व दुर्बलांना ‘सोबत’ करणाऱ्या व्यक्तीला त्यातूनही वगळले. पुढच्या वर्षी मजूर खात्याने नियम केले, आणि सोबतीण एखाद्या कंपनीची नोकर असली तरी ही सूट लागू, असे ठरविले.

हा ‘सोबत’ शब्द विसरू नये. शेजारची मुलगी संध्याकाळी आजीजवळ जाऊन बसते, तिच्याकडून कोणी हजेरीपट मागू नये, एवढाच त्याचा मूळ भाव असेल. पण कायद्यात शिरलेल्या शब्दाला पाय फुटतात. म्हाताऱ्याला उचलणारी, त्याची घाण काढणारी, रात्रभर जागणारी आणि याच कामावर आपली मुले पोसणारी बाई कायद्याच्या लेखी सोबतीण ठरली, आणि सोबतीला कोठे पगार असतो?

पैसा मात्र या धंद्यात वाढतच होता. १९६५ साली दोन आरोग्ययोजना आल्या: मेडिकेअर ही मुख्यतः पासष्टीच्या वरच्यांसाठी, आणि मेडिकेड ही गरिबांसाठी. मेडिकेअर आजारपणाचा खर्च देते. वर्षानुवर्षांच्या रोजच्या सेवेचा भार गरिबांच्या बाबतीत मेडिकेडवर पडतो, आणि तो केंद्र सरकार व राज्य सरकार वाटून घेतात. न्यूयॉर्क राज्याने घरच्या सेवेवर हात सैल ठेवला. १९८३ साली मेडिकेअरने रुग्णालयांना पैसे देण्याची रीत बदलली. किती दिवस रोगी ठेवला यावर नव्हे, तर कोणता रोग यावर ठराविक रक्कम. साहजिकच रुग्णालये रोग्याला लवकर घरी धाडू लागली. अर्धवट बरा झालेला म्हातारा घरी आला, आणि त्याच्यासाठी बाई हवी झाली.

ही बाई पुरविणाऱ्या कंपन्यांचे गणित सोपे होते. सरकारकडून किंवा रुग्णालयाकडून तासाचा दर ठरलेला. त्या दरातून बाईची मजुरी वजा जाता जे उरेल ते कंपनीचे. म्हणून मजुरी कायद्याने लागेल तेवढीच. रजा नाही, आजारपणाचा विमा नाही, शिक्षण नावापुरते. सकाळी दोन तास एका टोकाला, दुपारी तीन तास दुसऱ्या टोकाला, आणि मधला प्रवास बाईच्या खात्यावर. म्हातारा वारला किंवा रुग्णालयात गेला की त्या दिवसापासून काम बंद, पगार बंद. अशा नोकरीत कोण टिकेल? निम्म्याच्या आसपास बायका वर्षाच्या आत सोडून जात. दारावर दर महिन्याला नवा चेहरा. नव्या बाईपुढे उघडे होण्याची लाज म्हाताऱ्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सोसावी लागे. कंपनीला त्याचे सुखदुःख नव्हते, कारण तासाचा दर तोच होता.

अशा जमिनीत सर्पिन यांनी बी पेरले. ते न्यूयॉर्कच्या कम्युनिटी सर्व्हिस सोसायटी या जुन्या लोकसेवी संस्थेत काम करीत. दक्षिण ब्राँक्स तेव्हा साऱ्या देशात बदनाम झालेला भाग. सत्तरच्या दशकात तेथील आळ्याच्या आळ्या जळून ओस पडल्या होत्या. १९७७ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर शार्लट स्ट्रीटवर येऊन ते ढिगारे पाहून गेले. राहिली होती ती काळी, पोर्तो रिकन व डोमिनिकन कुटुंबे, आणि त्यांतील पुष्कळ घरांत कर्ती बाई एकटीच. या बायकांना काम मिळावे आणि ते त्यांच्या मालकीचे असावे, हा विचार. कारखाना काढायचा तर भांडवल हवे. घरच्या सेवेच्या धंद्याला यंत्र लागत नाही, हात लागतात, आणि त्याला मागणी आहे. म्हणून हा धंदा निवडला.

आम्ही युनियनवाले उद्योजक हा शब्द ऐकला की खिसा चाचपतो. पण सर्पिन यांनी जे गणित मांडले ते कोणाही कामगाराने मन लावून पाहावे असे आहे. इतर कंपन्या म्हणत, मजुरी हा खर्च आहे, तो कापा. यांनी म्हटले, या धंद्यात बाईखेरीज विकायला दुसरे काही नाही. मग बाई टिकली तर माल चांगला, बाई पळाली तर माल नासका. चांगली नोकरी दिल्याखेरीज चांगली सेवा मिळत नाही. चांगल्या सेवेचे नाव झाले म्हणजे मोठी रुग्णालये आणि परिचारिका-संस्था आपण होऊन काम देतील, आणि रोज नवी बाई शोधण्याचा खर्च वाचेल, तो बाईच्या पदरात घालता येईल.

१९८५ च्या आरंभी १२ सेविकांवर काम सुरू झाले. संस्थेच्या शिक्षणाची बाजू पेगी पॉवेल यांनी उभी केली. पहिला काळ खोटीचा गेला. संस्थेची मालकी तुमची आहे असे सांगितल्यावर बायकांचा विश्वास बसेना, आणि बसावा तरी का? जन्मभर ज्यांना प्रत्येक कागदावर फसविले गेले, त्यांनी आणखी एका कागदावर सही का करावी? हळूहळू पगार वेळेवर मिळतो, हिशेब सभेत वाचून दाखविला जातो, आणि मत दिले की ते मोजले जाते, हे दिसू लागले तेव्हा विश्वास आला.

व्यवस्था अशी. प्रत्येक भाग १,००० डॉलरचा. एवढी रक्कम कोणा सेविकेजवळ असणार? म्हणून ५० डॉलर भरून सभासद व्हावे आणि बाकी रक्कम पगारातून बारीक हप्त्यांनी कापू द्यावी. एका सभासदाला एक मत. संचालक मंडळात बहुमत सेविकांनी निवडलेल्यांचे. नफा झाला तर लाभांश. मिळणाऱ्या प्रत्येक डॉलरपैकी सुमारे ८० सेंट सेविकांच्या पगारावर व सवलतींवर खर्च होत. ठराविक वर्षे नोकरी झालेल्या आणि सांगेल ते काम घेण्यास तयार असलेल्या बाईला आठवड्याच्या ३० तासांच्या पगाराची हमी, मग मधे काम असो वा नसो. ज्यांनी रोजंदारी केली आहे, त्यांना या एका ओळीची किंमत सांगावी लागणार नाही.

शिक्षणाबाबत तर या संस्थेने धंद्याला लाजविले. १९८७ च्या केंद्रीय कायद्याने अशा सेविकेला किमान ७५ तासांचे शिक्षण आवश्यक केले. येथे चार आठवडे शिकवीत, आणि त्याची फी घेत नसत. माणसाला पलंगावरून खुर्चीत कसे घ्यावे, की आपली पाठ मोडणार नाही आणि त्याचा हात निखळणार नाही. बिछान्यातच अंग कसे पुसावे, की जेवढा भाग पुसतो तेवढाच उघडा राहील. पाय सुजला, जेवण टाकले, बोलणे अडखळले, तर ते आधी कोणाला कळवावे. आणि चिडखोर म्हाताऱ्याने शिवी दिली तर उलट शिवी न देता आणि मान खाली न घालता कसे उभे राहावे. हे शेवटचे शिक्षण सर्वांत अवघड. आमच्या मते कौशल्य म्हणतात ते हेच. गिरणीतल्या साच्यावरचे कौशल्य दिसते आणि हे दिसत नाही, एवढाच फरक.

फळ आले. बाहेर निम्म्याच्या आसपास बायका वर्षाला नोकरी सोडीत. येथे चार-पाचांतील एक सोडी. बारांच्या पुढे दोन हजारांच्या घरात सेविका झाल्या, आणि कामगारांच्या मालकीची अमेरिकेतील सर्वांत मोठी सहकारी संस्था म्हणून तिचे नाव झाले. १९९१ साली सर्पिन यांनी या रीतीचा प्रसार करण्यासाठी वेगळी संस्था काढली. १९९३ साली फिलाडेल्फियात आणि पुढच्या वर्षी बॉस्टनमध्ये तशाच सेविका-संस्था निघाल्या. २००० साली अपंगांच्या सेवेची आखणी करणारी आणखी एक संस्था सर्पिन यांनी न्यूयॉर्कमध्ये उभारली.

येथे ही हकीकत संपवली असती तर ती एका यशस्वी माणसाची कथा झाली असती, आणि टाळ्या वाजवून घरी जाता आले असते. पण बॉस्टनची संस्था टिकली नाही, आणि ब्राँक्सच्या संस्थेलाही एका भिंतीशी येऊन थांबावे लागले. ती भिंत कोणती?

संस्था सेविकांची, पण तासाचा दर संस्थेचा नव्हे. तो ठरतो राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीत, मेडिकेडच्या अंदाजपत्रकात. मालक आपणच असलो तरी तिजोरीची किल्ली आपल्याजवळ नाही. घरातला दलाल घालवला, नफा वाटून घेतला, कारभार काटकसरीचा केला. तरी शंभर पैशांचे एकशेवीस होत नाहीत. चांगल्या संस्थेतील बाईसुद्धा गरीबच राहिली. शेजारच्या कंपनीतील बाईपेक्षा थोडी कमी गरीब, एवढेच. एखाद्या उद्योजकाच्या सद्‌बुद्धीने जे होते ते ब्राँक्समध्ये झाले. जे सद्‌बुद्धीने होत नाही, त्याला बळ लागते.

म्हणूनच २००३ साली या संस्थेतील सेविका ११९९ या युनियनमध्ये सामील झाल्या. ही युनियन १९३२ साली औषधदुकानांतील नोकरांत जन्मली आणि १९५९ साली न्यूयॉर्कच्या सात रुग्णालयांतील झाडूवाले, स्वयंपाकी व मदतनीस यांचा ४६ दिवसांचा संप लढवून मोठी झाली. कोणी विचारील, मालक आपणच असताना युनियन कोणाविरुद्ध? आमचे उत्तर असे की युनियन केवळ मालकाविरुद्ध नसते. दर जेथे ठरतो तेथे जाऊन बसण्यासाठी ती असते. दोन हजार भागधारक सेविकांना ऑल्बनीत कोण ओळखतो? लाखो आरोग्यसेवकांची संघटना दारात उभी राहिली की मंत्र्याला खुर्ची मागे सारावी लागते. २०११ साली न्यूयॉर्क राज्याने घरसेविकांच्या वेतनाला व सवलतींना तळाची मर्यादा घालणारा कायदा केला, तो अशा रेट्याशिवाय होणारा नव्हता.

आणि ‘सोबत’ या शब्दाचे काय झाले? न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एव्हलिन कोक नावाची जमैकाहून आलेली बाई राहत असे. वीस वर्षे तिने म्हाताऱ्या माणसांची सेवा केली, कधीकधी दिवसाचे चोवीस तास. जादा तासांची दीडपट मजुरी मागण्यासाठी तिने २००२ साली दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि ११ जून २००७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला: मजूर खात्याचा १९७५ चा नियम वैध आहे, बाईला काही मिळणार नाही. दोन वर्षांनी ती वारली. जन्मभर इतरांना उठविणाऱ्या या बाईला अखेरच्या काळात स्वतःला सेवेची गरज लागली होती. २०१३ साली सरकारने नियम बदलला, मालकांच्या संघांनी कोर्टात अडविला, आणि २०१५ साली तो अमलात आला. ७७ वर्षांनी कंपन्यांकडून कामावर जाणाऱ्या घरसेविका १९३८ च्या कायद्याच्या छपराखाली आल्या. छप्पर अजून पक्के नाही: जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या मजूर खात्याने तो नियम मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला.

आपल्या चळवळीची उणी बाजूही सांगितली पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये चोवीस तासांच्या पाळीवर असलेल्या सेविकेला तेरा तासांचीच मजुरी देतात. उरलेले अकरा तास झोपेचे आणि जेवणाचे धरतात. २०१९ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा नियम मान्य केला. रात्री चार वेळा उठणाऱ्या रुग्णाजवळ कोण झोपते, हे ज्याने ही पाळी केली त्यालाच माहीत. कायदा अखंड झोप मिळाली नाही तर पैसे द्या म्हणतो. पण बाई किती वेळा उठली याचे साक्षीदार दोन, एक ती आणि दुसरा बहुधा विसरभोळा म्हातारा. या प्रश्नावर सेविकांतील एक गट मालकांवर तर रागावलाच, पण तडजोड करणाऱ्या युनियनवरही रागावला. तो राग आम्हांस रास्त वाटतो. संघटना मोठी झाली की रात्रपाळीचा आवाज तिच्या कचेरीत दिवसा ऐकू येईनासा होतो.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या शहरांत मुलगा पुण्याला, मुलगी परदेशी, आणि बंद दाराआड दोन म्हातारी माणसे, हे चित्र आता नवे राहिलेले नाही. तेथे ब्यूरोतून बाई येते. बारा तासांची किंवा चोवीस तासांची. पैसे आपण ब्यूरोला देतो. बाईच्या हाती किती पडतात हे आपण विचारीत नाही. कारण आपण तिला ‘मावशी’ म्हणतो. अमेरिकेने ‘सोबत’ म्हटले, आपण ‘मावशी’ म्हणतो. नाते गोड आहे. ते टाकून द्या असे आम्ही म्हणत नाही. पण मावशीला साप्ताहिक सुट्टी नसते, मावशीला जादा तासाचा भाव नसतो, मावशी आजारी पडली तर दुसरी मावशी येते. नात्याचे नाव देऊन मजुरी बुडविणे ही आपलीही जुनी रीत आहे.

महाराष्ट्रात या रीतीला आव्हान मिळालेच नाही असे नाही. १९८० साली पुण्यातील मोलकरणींनी संप केला, पगारवाढ व रजा मागितली, आणि आपली संघटना उभारली. २००८ साली राज्याने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्याआधी एक वर्ष केंद्राने आईवडिलांच्या व ज्येष्ठांच्या निर्वाहाचा कायदा करून मुलांवर जबाबदारी टाकली. पण ती जबाबदारी प्रत्यक्ष ज्या बाईच्या खांद्यावर जाऊन पडते, तिच्या मजुरीबद्दल तो कायदा बोलत नाही. २०११ साली जिनीव्हात आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, मात्र त्यावर मान्यतेची मोहोर अद्याप उठविलेली नाही.

आजही आपल्याकडे तरुण मंडळी वृद्धसेवेचे उद्योग काढीत आहेत. त्यांचा उत्साह आम्ही मोडू इच्छीत नाही. त्यांना आमचे एवढेच सांगणे की हिशेबाची वही उघडताना पहिल्या पानावर सेविकेचे तास, तिची रजा आणि तिचे शिक्षण लिहा. खुर्च्या, घंटा आणि यंत्रे दुसऱ्या पानावर. सर्पिन यांनी पहिले पान बरोबर लिहिले, म्हणून त्यांचा प्रयोग चाळीस वर्षांनी सांगण्यासारखा झाला. आणि दर ठरविणाऱ्या सरकारला जाब विचारण्याचे काम उद्योजकाकडून होणार नाही. ते सेविकांनी संघटित होऊन, आणि ज्यांच्या घरी त्या येतात त्या तुम्ही-आम्ही त्यांच्या पाठीशी उभे राहूनच व्हायचे आहे. जो हात उद्या आपल्याला उठवून बसविणार आहे, तो हात उपाशी ठेवणे यात माणुसकी नाही, आणि शहाणपणही नाही.